गॅलरीतलं ऑर्किड: पाणी घालण्याआधी मुळं बघा

नर्सरीतून फुलांनी लगडलेलं ऑर्किड घरी येतं. दोन-तीन महिने फुलं टिकतात, मग गळतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कधीतरी पानं पिवळी पडून झाड जातं. असं गेलेलं झाड कुंडीतून उपसून पाहिलं तर बहुतेक वेळा मुळं काळी, लिबलिबीत झालेली दिसतात. पाणी कमी पडून ऑर्किड मरायला कित्येक आठवडे लागतात. मुळांना हवा मिळाली नाही तर मात्र पंधरा दिवस पुरतात. गुलाब-मोगऱ्याची सवय असलेल्या हाताला हे पचायला जड जातं. म्हणून कुंडी, ऊन, खत या सगळ्यांच्या आधी मुळांची ओळख करून घ्यायची.

मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात. आंब्याच्या किंवा ऐनाच्या फांदीला बिलगून वाढणाऱ्या आमरीला पुष्कळ जण बांडगूळ समजतात. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवून त्याचा रस शोषतं. आमरी नुसती सालीला धरून बसते. पाणी पावसाचं आणि दवाचं, अन्न सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातलं आणि खोबणीत साठलेल्या पाल्यापाचोळ्यातलं. सर येते, मुळं चिंब होतात, पाऊस उघडला की वाऱ्यावर सुकतात. ओलं होणं आणि सुकणं हा फेरा या मुळांच्या हाडात आहे. कुंडीत मातीत पुरलं की सुकणं थांबतं आणि मूळ गुदमरतं.

मूळ वाचायचं कसं

ऑर्किडच्या मुळावर मेलेल्या पेशींचं पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना त्या पेशींत हवा असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. पाणी शोषलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. फॅलेनॉप्सिस या रुंद पानांच्या ऑर्किडच्या जाड, कोरड्या मुळावर ड्रॉपरनं एक थेंब सोडून पाहा. थेंब टेकतो तिथे हिरवा डाग उमटतो आणि डोळ्यांदेखत दोन्ही बाजूंना पसरत जातो. पाणी कधी घालायचं ते हा रंग सांगतो. मुळं हिरवी असतील तर थांबा. मुळं चंदेरी आणि कुंडी उचलल्यावर हलकी, तर घाला. डेंड्रोबियम या उसासारख्या कांड्यांच्या ऑर्किडची मुळं बारीक आणि जास्त पांढरी असतात, त्यांत हा फरक पुसट दिसतो. तिथे कुंडीच्या वजनावर भरवसा ठेवा. पाणी घातल्याबरोबर एकदा आणि पुढे रोज एकदा कुंडी हातात घेतली की आठवड्याभरात अंदाज बसतो.

जिवंत मूळ बोटांत दाबलं तर कडक लागतं. कुजलेलं मूळ दाबताच पिचतं, त्यातून पाणी सुटतं, आणि ओढलं तर वरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं, मागे केसाएवढा दोरा उरतो. तहानेनं मेलेलं मूळ पोकळ, कागदासारखं चुरगळतं. हे दोन्ही ओळखता आले पाहिजेत, कारण पानांवर दोघांची खूण एकच असते: पानं सुरकुततात, लुळी पडतात. मुळं कुजली की झाड पाणी घेऊच शकत नाही, पानं सुकतात, घरातलं माणूस झाड तहानलेलं समजून आणखी पाणी ओततं, आणि उरलीसुरली मुळंही जातात. पानं सुरकुतली तर झारी उचलण्याआधी कुंडीतून दोन मुळं उकरून दाबून बघा.

कोणतं झाड घ्यावं

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे पहिलं झाड डेंड्रोबियम घ्यावं. उसासारख्या पेरांच्या कांड्या, टोकाकडून निघणारा फुलदांडा. जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं ‘सोनिया’ हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. बुकेमध्ये दिसणारी ऑर्किडची फुलं पुष्कळदा हीच असतात. उकाडा आणि दमट हवा दोन्ही त्याला मानवतात, फक्त ऊन भरपूर लागतं.

फॅलेनॉप्सिस म्हणजे रुंद, मांसल पानांचं, फुलपाखरासारख्या फुलांचं. ज्या घरात थेट ऊन येत नाही, खिडकीत नुसता चांगला उजेड आहे, तिथे हेच घ्या. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या हिवाळ्यात ते मनापासून फुलतं.

व्हँडा आणि मोकारा यांची मुळं टोपलीतून उघडी लोंबतात. त्यांना मीडिया लागत नाही (कुंडीत जे भरायचं त्याला नर्सरीवाले मीडियाच म्हणतात), पण उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं. कोकणातल्या पडवीत ही झाडं देखणी होतात. दिवसभर बंद असणाऱ्या फ्लॅटमध्ये त्यांचे हाल होतात. सिंबिडियम सिक्कीम-कालिम्पाँगकडचं, त्याला थंड रात्री हव्यात. मुंबईत त्याला पानं येत राहतात, फुलं येत नाहीत. तिथे ते घेऊ नका.

नर्सरीत फुलं शेवटी बघायची. झाड बुंध्याशी धरून हलकेच हलवा. डुगडुगत असेल तर खाली मुळं नाहीत. पारदर्शक कुंडी असेल तर आतली मुळं बघा. डेंड्रोबियममध्ये सगळ्यात नवी कांडी आधीच्या कांडीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी. कांड्या लहान-लहान होत गेल्या असतील तर झाड उतरणीला लागलेलं आहे. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ते झाड तिथेच ठेवा. आणलेलं झाड पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवायचं.

घाटात, रानात दिसलेली आमरी मात्र घरी आणू नका. ‘सीतेची वेणी’ मे-जूनमध्ये फुलांचे लांब तुरे सोडते तेव्हा मोह होतो हे खरं. पण तिची मुळं सालीला घट्ट चिकटलेली असतात, ओढून काढताना तुटतात, आणि असं झाड घरी क्वचितच तगतं. आमरीचं बी धुळीएवढं बारीक, त्यात अन्नाचा साठा नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि मग फुलावर यायला वर्षं लागतात. तुम्ही काढलेल्या झाडाची जागा रानात सहजी भरून निघत नाही. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं नर्सरीत मिळतात, तीच घ्यावीत. देशी जातींची रोपंही अशी मिळू लागली आहेत, विचारून बघा.

कुंडी आणि मीडिया

कुंडी लहान हवी. मुळांचा झुबका आणि भोवती दोन-तीन सेंटीमीटर जागा, बस्स. वयात आलेल्या डेंड्रोबियमला १२ ते १५ सेंटीमीटर व्यासाची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीच्या मध्यभागी ओल तशीच राहते आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. बाजूला भोकं असलेली मातीची कुंडी किंवा जाळीची प्लॅस्टिकची टोपली, दोन्ही चालतात. कोकणात जाळी बरी, अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या हवेत बंद बाजूची प्लॅस्टिकची कुंडी ओल थोडी धरून ठेवते.

डेंड्रोबियमसाठी दोन भाग लाकडी कोळसा, एक भाग विटेचे तुकडे. कोरड्या हवेच्या गावी यात एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळायचे. मुंबई-कोकणात सोडण नको, पावसाळ्यात ते महिनोन्‌महिने ओलं राहतं. तुकडे दोन ते तीन सेंटीमीटरचे, म्हणजे सुपारीएवढे. इस्त्रीवाल्याकडे मिळतो तो लाकडी कोळसा उत्तम. दगडी कोळसा किंवा बार्बेक्यूसाठी दाबून केलेले गोळे वापरू नका. कोळसा आणि वीट दोन्ही धुऊन, भुकटी काढून, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर कोरडी वीट मुळांचंच पाणी ओढते. सोडणात क्षार आणि तपकिरी रस असतो. तुकडे तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, पाणी जवळपास स्वच्छ निघेपर्यंत.

फॅलेनॉप्सिससाठी तीन भाग पाइनची साल (एक-दोन सेंटीमीटरचे तुकडे) आणि एक भाग कोळसा. घर फारच कोरडं असेल तर वरून मूठभर स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं, पाणी धरून ठेवणारं शेवाळ). परदेशातून येणारी फॅलेनॉप्सिस दाबून भरलेल्या मॉसमध्येच असतात, आणि ते मॉस आपल्या पावसाळ्यात झाडाचा जीव घेतं. वरून कोरडं लागलं तरी आत, बरोबर खोडाखाली, रोपवाटिकेच्या काळातला जाळीचा लहानसा गठ्ठा दडलेला असतो, तो ओलागच्च असतो. फुलं संपली की पहिलं काम तो काढण्याचं.

कुंडी बदलणं

वेळ महत्त्वाची. डेंड्रोबियमच्या बुंध्यातून नवा कोंब चार-पाच सेंटीमीटर वर आला आणि त्याच्या तळाशी मुळांचे हिरवट ठिपके दिसू लागले की बदला. मूळ ठिपक्याएवढं असताना ते नव्या मीडियात स्वतःहून शिरतं. बोटभर लांब झाल्यावर हात लावला तर टोक मोडतं. फॅलेनॉप्सिसचं काम फुलं उतरल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. एप्रिलअखेर सगळं उरकावं, म्हणजे पावसाआधी झाडाला महिना-दीड महिना मिळतो. फुलावर असलेल्या झाडाला हात लावू नका.

कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे मुळं लवचीक होतात. मग कुंडी बाजूंनी दाबून झाड सैल करा. मातीच्या कुंडीला मुळं चिकटली असतील तर ओढाताण न करता कुंडीच फोडा आणि मुळांना चिकटलेली खापरं तशीच नव्या कुंडीत जाऊ द्या. जुना मीडिया बोटांनी काढा. फॅलेनॉप्सिसच्या मुळांमध्ये बोट घालून मधला गठ्ठा शोधा, जाळी कात्रीनं उभी कापा आणि मॉस चिमटीनं थोडं थोडं उपसा. याला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. मग एकेक मूळ दाबून बघायचं: कडक ते ठेवायचं, पिचकं ते कापायचं.

कात्री किंवा ब्लेड दर झाडागणिक गॅसच्या ज्योतीवर धरून निर्जंतुक करा. ऑर्किडचे विषाणू मुख्यतः कापण्याच्या हत्यारावरून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यांवर औषध नाही. खोडावरच्या, पानावरच्या कापावर दालचिनीची पूड चालते. मुळांवर ती लावू नका, मूळ सुकवते.

तळाला विटेचे मोठे तुकडे, वर झाड. डेंड्रोबियमची सगळ्यात जुनी कांडी कुंडीच्या काठाला टेकवा, म्हणजे नव्या कोंबांना पुढे दोन वर्षांची जागा मिळते. बुंधा मीडियाच्या वर राहिला पाहिजे, कांड्या खोल गाडल्या की नवा कोंब फुटतानाच सडतो. बाजूंनी तुकडे भरत कुंडी आपटून घ्या, काडीनं दाबू नका. शेवटी सुतळीनं किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारेनं झाड काठीला बांधा. हे बांधणं अनेक जण टाळतात आणि मग महिनाभर झाड का रुजत नाही म्हणून विचारतात. वाऱ्यानं बुंधा हलत राहिला की नव्या मुळांची टोकं तुकड्यांवर घासून जातात. झाड धरून उचललं तर कुंडीही उचलली जावी इतकं पक्कं बांधा. मुळं कापली असतील तर तीन-चार दिवस पाणी नको, नुसती सावली.

कापल्यावर एकही धड मूळ उरलं नाही, असंही होतं. अशा फॅलेनॉप्सिसला एक दिवस सुकू द्या. मग मॉस भिजवून घट्ट पिळा, ते ग्लासाच्या तळाशी ठेवून बुंधा त्याच्या वर अधांतरी टेकवा. सगळं मोठ्या पारदर्शक पिशवीत, थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवा. दिवसातून एकदा पिशवी उघडून हवा बदला. दीड-दोन महिन्यांत नवी मुळं आली तर झाड वाचलं.

ऊन

गडद हिरवी, लुसलुशीत पानं दिसायला छान, पण त्यांचा अर्थ ऊन कमी पडतंय असा आहे. डेंड्रोबियमचं पान पोपटी-हिरवं हवं. सकाळचं तीन-चार तासांचं थेट ऊन, किंवा दिवसभर ५० टक्के शेडनेटखाली (निम्मं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली). फॅलेनॉप्सिसला थेट ऊन सकाळी साडेआठ-नऊपर्यंतचंच; एरवी दहा ते पंधरा हजार लक्स उजेड पुरतो. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप अंदाजापुरतं चालतं. ते नसेल तर दुपारी पानाच्या वर वीतभर अंतरावर हात धरा: फिकट, कडा विरलेली सावली पडली तर फॅलेनॉप्सिसला ठीक, स्पष्ट सावली पडली तर डेंड्रोबियमला ठीक.

पूर्वेची गॅलरी सगळ्यात चांगली. पश्चिमेला मार्च ते मे शेडनेट लागतंच. उत्तरेची गॅलरी वर्षभर फॅलेनॉप्सिसला सोयीची, फक्त एक सांभाळा: मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैच्या साधारण शेवटच्या आठवड्यापर्यंत मुंबई-पुण्यात भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. एरवी न येणारं ऊन तेव्हा आत शिरतं आणि पानावर पांढरा, मग तपकिरी होणारा चट्टा पडतो. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण पान कापू नका, उरलेला हिरवा भाग काम करत राहतो. दुपारी पानाला हात लावून बघा. गरम लागलं तर झाड तासाभरात भाजू शकतं.

पाणी

सकाळी घाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानांचे बेचके सुकतात. घालताना कुंडीच्या तळातून भरपूर वाहून जाईल असं घाला. वाटीभर पाणी रोज शिंपडणं ऑर्किडच्या कामाचं नाही. कुंडीखाली बशी नको.

कोळसा-विटेतल्या डेंड्रोबियमला मार्च ते मे रोज, कडक उन्हात दोनदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवसाआड, थंडीत तीन-चार दिवसांनी. सालीतल्या फॅलेनॉप्सिसला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, थंडीत पाच ते सात दिवसांनी. हे आकडे सुरुवातीपुरते धरा, शेवटचा शब्द मुळांच्या रंगाचा. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पानांच्या गाभ्यात पाणी राहिलं तर टिश्यू पेपरच्या टोकानं टिपून घ्या. तिथे रात्रभर थांबलेलं पाणी गाभा कुजवतं, आणि गाभा गेला की त्या खोडाची वाढ संपली.

नगरपालिकेचं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं. बोअरचं जड पाणी मात्र त्रास देतं. क्षारांचं मीटर, म्हणजे टीडीएस मीटर, २०० च्या आत दाखवत असेल तर निर्धास्त राहा. ५०० च्या वर गेलं तर मुळांची टोकं काळी पडतात आणि कोळशावर पांढरा थर धरतो. अशा गावी पावसाचं पाणी साठवा, किंवा बोअरच्या पाण्यात आरओचं शुद्ध पाणी निम्मं मिसळा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी ऑर्किडला घालू नका, सगळे क्षार त्यातच असतात.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये कोरडी हवा जास्त छळते. झाडं एकत्र ठेवा, खाली खडी भरलेल्या ट्रेमध्ये पाणी ठेवा (कुंडीचा तळ पाण्याच्या वर राहील असा), आणि वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. पानांवर फवारा मारून मिळणारी ओल थोड्याच वेळात उडून जाते.

पावसाळा

मेअखेर सगळी फॅलेनॉप्सिस छताखाली घ्या. उघड्या पावसात ती टिकत नाहीत. चांगली मुरलेली डेंड्रोबियम कोळसा-विटेत असतील तर मोकळ्या सरी त्यांना मानवतात, पण सलग आठ-दहा दिवस झड लागली तर त्यांनाही आडोसा द्या. सगळ्यात नाजूक असतो तो नवा कोंब: त्याच्या गुंडाळलेल्या पानात पाणी साठतं आणि एका रात्रीत तो काळा होऊन सहज उपटून येतो.

दमट हवा तुम्ही बदलू शकत नाही, पण ती हलती ठेवू शकता. कुंड्यांमध्ये हातभर अंतर, जमिनीऐवजी ग्रिलला किंवा स्टँडवर टांगलेली झाडं, आणि बंद गॅलरीत लहान टेबलफॅन कमी वेगावर. महागड्या औषधांपेक्षा पंख्यानं जास्त झाडं वाचतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगू. आत ठेवलेल्या झाडांना जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी लागू शकतं. मुळं बघून ठरवा. उजेड कमी असतो, म्हणून खत निम्मं करा.

काळा, ओलसर डाग पानावर किंवा बुंध्यात पसरताना दिसला तर तो सुकेल म्हणून वाट पाहू नका. डागाच्या पलीकडे दोन सेंटीमीटर निरोगी भाग घेऊन निर्जंतुक ब्लेडनं कापा, दालचिनी लावा, झाड वेगळं ठेवा, पाणी बंद. डाग पाण्यानं फुगल्यासारखा आणि घाण वासाचा असेल तर तो जिवाणूंचा. बुरशीनाशकानं तो थांबत नाही, कापणं आणि कोरडं ठेवणं एवढाच उपाय. बुरशीसाठी मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा. भाजीपाल्यावर सर्रास मारतात ते कॉपर ऑक्सिक्लोराइड डेंड्रोबियमवर मारू नका, तांब्यानं त्याची पानं आणि कोंब जळतात. फवारताना हातमोजे, मास्क, आणि मुलं-मांजरं लांब.

गोगलगाई याच दिवसांत येतात. मुळांची हिरवी टोकं आणि कळ्या रात्रीतून साफ करतात. संध्याकाळी कुंडीवर काकडीची चकती ठेवा आणि रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन चकतीच्या खालून वेचून काढा. चार-पाच रात्री हे केलं की संख्या खाली येते.

खत

पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) पुरे. डेंड्रोबियमला लिटरला १ ग्रॅम, फॅलेनॉप्सिसला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा. चहाचा एक सपाट चमचा साधारण ५ ग्रॅम, म्हणजे डेंड्रोबियमसाठी ५ लिटरला एक, फॅलेनॉप्सिससाठी १० लिटरला एक. आधी साध्या पाण्यानं मुळं ओली करा, मग खताचं पाणी. कोरड्या मुळांवर खत पडलं तर टोकं जळतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी खळखळून धुवा. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरणाऱ्यांनी पंधरा दिवसांतून एकदा, वेगळ्या दिवशी, कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम द्यावं. शेणाची स्लरी, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा हे सगळं मातीतल्या झाडांना द्या. ऑर्किडच्या कुंडीत ते तुकड्यांमधली हवेची जागा बुजवतं आणि चिलटं बोलावतं.

फुलं येत नाहीत, कळ्या गळतात

डेंड्रोबियम फुलत नसेल तर दहापैकी नऊ वेळा उत्तर ऊन हेच असतं. कुंडी रोज थोडी थोडी पुढे सरकवत दोन आठवड्यांत जास्त उन्हात न्या. ‘फुलांसाठी खास’ खतांनी उन्हाची उणीव भरून निघत नाही.

फॅलेनॉप्सिसला गारवा लागतो. तीन-चार आठवडे दिवसाचं तापमान २६-२७ अंशांच्या खाली आणि रात्रीचं १८-२० च्या आसपास राहिलं की पानाच्या बगलेतून दांडा निघतो. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रात्रीचा गारवा आपोआप मिळतो. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत झाड रात्री उघड्या खिडकीशी ठेवा. दांडा आणि मूळ यांत गल्लत होते: मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, दांड्याचं टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं. दांडा दिसल्यावर कुंडी फिरवू नका, तो उजेडाकडे वळतो आणि फिरवली की वेडावाकडा होतो. फुलं यायला पुढे तीन-चार महिने लागतात.

भरल्या कळ्या पिवळ्या पडून गळल्या तर एसीचा झोत, जागा बदलणं, मुळांचं सुकणं ही कारणं आधी तपासा. आणि एप्रिल-मेमध्ये आंबे कुठे ठेवलेत ते बघा. पिकत्या आंब्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि फॅलेनॉप्सिसच्या कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. ज्या खोलीत आंब्याची अढी लावली आहे तिथून झाड आधी बाहेर काढा.

कीड

पिठ्या ढेकूण (पानांच्या बेचक्यात दिसणारा पांढरा कापूस तो हाच) आणि खवले कीड या रोजच्या तक्रारी. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून पुसा, कांड्यांवरची सुकी, कागदी आवरणं सोलून त्यांच्या आतही बघा. दर पाच दिवसांनी, चार वेळा. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर पिठ्या ढेकूण नक्की शोधा. उन्हाळ्यात पानाची खालची बाजू चंदेरी, खरखरीत झाली तर लाल कोळी: पाण्याच्या जोरदार धारेनं पानाखालून धुवा, मग संध्याकाळी लिटरला ५ मिली नीमतेल आणि २ मिली भांड्यांचा लिक्विड साबण घालून फवारा.

फुलं संपल्यावर

फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच सशक्त पानं असतील, तर खालून तिसऱ्या गाठीच्या एक सेंटीमीटर वर कापा. त्या गाठीतून बगलफांदी फुटून पुन्हा फुलं येऊ शकतात. पानं दोन-तीनच असतील तर दांडा बुडाशी कापून झाडाला विश्रांती द्या.

डेंड्रोबियमच्या पानं गळलेल्या कांड्या कापू नका. कांडी हिरवी, टणक आहे तोवर तिच्यात नव्या कोंबासाठी पाणी आणि अन्न साठलेलं असतं, आणि बिनपानांच्या कांडीलाही पुढची वर्षं फुलं येतात. पूर्ण तपकिरी, पोकळ झाली तरच काढा. झाडाचे भाग करायचे असतील तर प्रत्येक भागात निदान चार कांड्या ठेवा, दोन-दोनचे तुकडे केले तर फुलांसाठी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं.

कधी कधी जुन्या कांडीच्या वरच्या पेरातून छोटं रोपच फुटतं, त्याला पिल्लू म्हणतात. त्याची निदान तीन मुळं चार-पाच सेंटीमीटरची होईपर्यंत त्याला आईच्या अंगावरच राहू द्या. मग जोडाशी कापून, मुळांवर पाणी मारून मऊ करून, ७-८ सेंटीमीटरच्या कुंडीत बारीक कोळशात बांधा. पहिला महिना सावलीत आणि रोज सकाळी पाणी; नवा कोंब दिसला की त्याला आईशेजारी उन्हात न्या.